फॉल्ट दुसऱ्याच खांबावर

बुधवारी ती दारव्ह्याला येते,
कृषी केंद्राच्या मागल्या खोलीत,
जिथे भिंतीला टेकून युरियाची पोती
आणि वर खिळ्याला अडकवलेला
प्लास्टिकचा मणका, पिवळसर, मानेत जरा वाकडा.
मीनल तायडे. वय माझ्या धाकट्या पुतणीएवढं.
पाटीवर ऑस्टिओपॅथी असं लिहिलंय.
गोकर्णाच्या तोंडी त्याचं अष्टोपाती झालं
आणि आमच्या गावात आता तेच चालतं.

आधी सगळं करून झालं होतं.
निरगुडीचा पाला, तव्यावर तापवून.
एरंडाचं पान, वर फडकं.
यवतमाळच्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला,
फट कमी झालीय म्हणाला, वय झालं.
मेडिकलवाल्याचा पट्टा
उन्हाळ्यात आतून घामोळ्यांनी भरला.

"पालथे व्हा, काका."
मी म्हटलं, बाई, दुखनं समोरून हाय, उजव्या गुडघ्यात.
"असू द्या."
आणि गुडघ्याला तिनं हातच लावला नाही.

तळपाय धरला. घोटा हळूच फिरवला,
अंधारात बरणीचं झाकण
कुठल्या आट्यावर अडलंय ते चाचपावं तसा.
मग कंबर. मग बरगड्यांखाली बोटं ठेवून
नुसती थांबली, बराच वेळ.
बाहेर कुणी फवारणीच्या पंपाचं नोझल मागत होतं,
दहा रुपयांवरून घासाघीस चालली होती,
आणि माझ्या मांडीत काहीतरी सैल पडलं,
वैशाखात तार झोल खाते तसं.

"कधी पडला होतात?"
नाही, म्हणालो. लगेच म्हणालो.
आमच्या खात्यात पडलेला माणूस
पडलो म्हणत नाही, चौकशी लागते.
तिनं डाव्या घोट्यावर अंगठा ठेवला.
"इथं?"

चौऱ्याण्णवचा चैत्र. नाल्याच्या वळणावरचा खांब.
कमरेचा पट्टा निसटला,
अठरा फुटांवरून तुरीच्या धसकटांत.
हेल्पर मोतीरामनं सायकलवर बसवून घरी आणलं,
हळद, चुना, आणि चौथ्या दिवशी कामावर.
तेव्हापासून, ती म्हणाली, डाव्याला जपताय तुम्ही.
उजवा सगळा भार वाहतोय.
तीस वर्षं, बिनबोभाट.

मला हसू आलं, तोंड चादरीत असतानाच.
जन्मभर हेच तर केलं मी.
अंधार सरपंचाच्या आळीत,
जंपर तुटलेला नाल्यापलीकडे.
लोक डीपीपाशी शिव्या घालत उभे
आणि मी बॅटरी घेऊन भलत्याच रस्त्याला.
दिवा जातो तिथं बिघाड नसतो रे,
नव्या पोरांना मीच सांगायचो,
लाइन चालून पाहा.
स्वतःची लाइन मात्र
कधी चालून पाहिली नाही.

चार बुधवार झाले.
गेलं, असं म्हणणार नाही.
जिना उतरताना गुडघा अजून बोलतो,
फक्त ओरडायचा थांबलाय.
झिजलेलं परत येत नसतं, मॅडमनं स्वतःच सांगितलं,
चालणं सुधारता येईल तेवढं सुधारू.
परवा पाटावर बसून जेवलो,
भाकर, तेलात कालवलेली जवसाची चटणी,
आणि उठताना भिंत शोधली नाही,
हे हात धुताना लक्षात आलं.

काल येताना एसटीतून गोकर्णा आधी उतरली.
मी मागे होतो, म्हणून दिसलं.
ती पायरी आडवी उतरते.
दांडा दोन्ही हातांनी धरून एक पाय,
मग त्याच पायरीवर दुसरा,
मग थोडं थांबणं,
जणू पिशवी सावरतेय.
"कवापासून?" मी विचारलं.
"काय कवापासून?
चाला लवकर, म्हशीची धार राह्यली."

छत्तीस वर्षं तक्रारींचं रजिस्टर माझ्या हातात होतं,
तारीख, वेळ, खांब क्रमांक, सही.
तिच्या नावाची एक ओळ नाही.

कृषी केंद्रवाल्याला फोन केलाय.
येत्या बुधवारी दोन नंबर लाव म्हटलं,
पहिला तिचा.
तिला अजून सांगितलेलं नाही.